पुराचे पाणी आणि गर्भवती

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटात घेऊन सांगलीस येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी तिने ५७ फुटांची पातळी ओलांडली, हे आपणांस आठवत असेलच. पूर ओसरतो, परंतु त्याच्या पाण्यातून जडलेला एक ज्वर आठ-पंधरा दिवसांनी डोके वर काढतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस.

उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून मळसूत्री आकाराचे सूक्ष्म जंतू पाण्याचिखलात उतरतात आणि पायांच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. १९१५ साली जपानात इनाडा व इडो यांनी ते शोधून काढले. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे ही प्रारंभीची लक्षणे. रोग बळावला तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. गर्भवतीच्या रक्तातून हे जंतू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतात. मग गर्भपात, अकाली प्रसूती, प्रसंगी पोटातच मूल दगावणे असे अनर्थ ओढवतात.

खरी अडचण निदानाची आहे. गरोदरपणातील इतर विकारांतही कावीळ दिसते. त्यामुळे दोष गरोदरपणावर जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात. औषध मात्र जुने व परिचित आहे. पेनिसिलीन गर्भवतीस देता येते, आणि ते वेळेवर मिळाल्यास मायलेकरे सुखरूप राहण्याची आशा मोठी असते.

म्हणून पुरानंतर, किंवा उसाच्या ओल्या रानात राबल्यावर, गर्भवतीस ताप आला तर तो अंगावर काढू नये. ‘मी त्या पाण्यात उतरले होते,’ एवढे एक वाक्य तिने डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.