स्मॅश नंतर, पाय आधी

पहाटे 5.15. बारामतीतल्या हॉलचं कुलूप काढलं की आधी नेट. खांबांपाशी उंची 1.55 मीटर, मधोमध 1.524, हा अडीच सेंटिमीटरचा फरक डोळ्यांनी कळत नाही, म्हणून टेप लावतो. रात्री खेळून गेलेल्यांपैकी कुणीतरी नेटवर टॉवेल वाळत टाकलेला असतोच, आणि मधला भाग खाली आलेला.

मग शटल. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की पिसं दोन-चार स्मॅशमध्ये तुटतात. त्यामुळे डबा दोन्हीकडून उघडून किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरायचा आणि रात्रभर बंद करून ठेवायचा. सकाळी मागच्या रेषेवरून खालून एक पूर्ण फटका मारून बघतो. समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर शटल बरोबर. पुढे गेलं तर त्या दिवशी हवा गरम आहे, कमी वेगाचा डबा काढायचा.

6.00. पोरं येतात. "सर, आज स्मॅश ना?" रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर: "आधी शॅडो." म्हणजे शटलशिवाय सहा दिशांना पळायचं आणि दरवेळी मध्यावर परतायचं. सिंगलमध्ये आपल्या वाट्याला 6.70 मीटर लांब आणि 5.18 रुंद जागा येते. ऐकायला थोडी, पण चारही कोपरे वीस मिनिटं राखा म्हणजे कळेल. समोरचा मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी घ्यायची. ती चुकली की पुढचं सगळंच उशिरा.

त्यानंतर क्लिअर. शटल उंच, थेट मागच्या रेषेपर्यंत. अर्ध्यावर पडलं की समोरच्याला स्मॅश आयता मिळतो. क्लिअर जमला की त्याच हातवाऱ्यातून ड्रॉप, म्हणजे नेटजवळ अलगद पडणारा फटका, समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये असा. सांगलीचे नंदू नाटेकर 1956 साली परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, ते निव्वळ ताकदीवर नव्हे. त्यांचा बॅकहँड आणि हलक्या हाताचे फटके जुने लोक अजून वाखाणतात. पोरांना हे सांगितलं की ती मोबाईलवर स्मॅशच दाखवतात. चालायचंच.

9.00. मोठ्यांची बॅच: बँकवाले, डॉक्टर, निवृत्त गुरुजी. इथे शिकवणं कमी, भांडण सोडवणं जास्त. डबलमध्ये सर्व्हिस कुणाची? आपले गुण सम असले तर उजवीकडून, विषम असले तर डावीकडून. गुण मिळाला तर सर्व्हिस करणारा बाजू बदलतो, घेणारे जागच्या जागी. सिंगलची सर्व्हिस लांब आणि अरुंद चौकटीत, डबलची आखूड आणि रुंद. गुरुजी अजून "कमरेच्या खालून मारा" म्हणतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता जमिनीपासून 1.15 मीटर ही ठरलेली उंची आहे. गंमत म्हणजे या खेळाचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतच बसवले गेले. वाद घालायचा हक्क आपलाच!

दुपारी जेवण आणि गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा ओढून बसवणं. लहान पोरांच्या रॅकेटला ताण 22 पौंडांच्या आसपासच ठेवतो. "सर, 28 करा" म्हणणाऱ्याच्या मनगटात तेवढा जोर यायला अजून वेळ आहे.

3.30. इंदापूरकडे. काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी जाते तोच हा रस्ता. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलं की अर्धा तास गेला समजा.

5.00. इंदापूरची पोरं मला मनापासून आवडतात. अंगणात, वाऱ्यात, प्लास्टिकच्या शटलवर शिकलेली. दम दांडगा, नजर पक्की. पण रॅकेट सगळ्यांच्याच हातात उलथन्यासारखी. त्या पकडीने समोरचा फटका बरा बसतो, बॅकहँड मात्र अडतो. मूठ सैल करा, रॅकेटशी हात मिळवल्यासारखं धरा, अंगठा मोकळा ठेवा. आठवडाभर सगळे फटके बिघडतात, मग सुधारतात. त्या बिघडलेल्या आठवड्यातच निम्मी पोरं यायची थांबतात, म्हणून त्या दिवसांत मी गुणच मोजत नाही.

7.00. सामने. 21 गुणांचा गेम, तीनपैकी दोन. 11 वर एक मिनिट थांबायचं. 20-20 झालं तर दोनची आघाडी हवी, 29-29 ला मात्र तिसावा गुण घेणारा जिंकला. नेटपाशी शटल अलगद पलीकडे सोडणारी एक मुलगी आज तिच्यापेक्षा हातभर उंच पोराला पळवून पळवून दमवते. पोरगा स्मॅशवर स्मॅश मारतो, ती फक्त रॅकेट पुढे धरते आणि शटल नेटलगत टाकते.

8.30. हॉल बंद करताना कुणाचे तरी वडील थांबलेले असतात. "सर, पोरासाठी भारीतली रॅकेट कुठली घेऊ?" पालकांनो, आधी बूट घ्या. पळायचे जाड टाचेचे नकोत, त्यात आडवं वळताना घोटा मुरगळतो. रबरी तळाचे, फरशीवर डाग न पाडणारे इनडोअर बूट घ्या. रॅकेट वर्षभर साधी चालते.