कलाशिक्षणाला दरवर्षी निधी का हवा?



पेडणे-डिचोलीच्या चित्रशाळांत गणपतीच्या मूर्ती रंगवणारे हात आमच्या वर्गांतही आहेत. पुढे मल्टिमीडिया वा दृश्यकला शिकायची म्हटली की मात्र पालक खर्चाचा विचार करून थांबतात.

सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या गोव्यातही १९७२ पासून पणजीला गोवा कला महाविद्यालय आहे. तेथे उपयोजित कला शिकवली जाते.

देणगीतून संस्था उभी राहते, पण पुढे ती चालवावी लागते. संगणक काही वर्षांत जुना होतो, सॉफ्टवेअरचे शुल्क पुन्हा पुन्हा भरावे लागते, कॅमेरे दुरुस्तीला येतात. दरवर्षी निधी मिळाला तरच साधने अद्ययावत राहतात, जाणकार कलावंत शिकवायला येतात आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने गरीब घरचे मूल शिक्षण पुरे करते.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, शाळेच्या चित्रकलेसाठीही दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवावी. पालकांनीही मुलांची चित्रवही कौतुकाने पाहावी.