कुंकवाचा थर

अण्णा गेले तेव्हा कळलं, आई-अण्णांचा एकत्र फोटोच नाही! अण्णांचा पुतण्याच्या लग्नातला, आईचा निराधार योजनेच्या अर्जासाठी नुकताच काढलेला. दोन्ही घेऊन बीडच्या एका स्टुडिओत गेले.

तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर आईच्या फोटोला काळा-पांढरा मुखवटा चढवला. "याला मॅट म्हणतात, ताई. पांढऱ्याखालचं दिसतं, काळ्याखालचं झाकतं." पदराची कड सरळ निघाली. भुरभुरत्या केसांपाशी मात्र त्याने राखाडी छटा भरली; नाहीतर कात्रण चिकटवल्यासारखं दिसतं म्हणे.

मैत्रिणींनो, युक्ती तशी जुनीच. पूर्वी भिंगापुढे काळा कागद लावून अर्धी चौकट झाकायचे, फिल्म मागे गुंडाळून उरलेली अर्धी टिपायचे. दादासाहेब फाळक्यांचे पडद्यावरचे चमत्कारही कॅमेऱ्यातल्या करामतींचेच. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. फिल्म धुवायला सरस्वतीबाई असायच्याच! त्यांचं नाव आपण कितीदा घेतो?

शेवटी मुलाने चाचरत विचारलं, "कुंकू लावू का?"

मी आईला फोन लावला. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "लावायला सांग ना माय. फोटूत तर हायेत की ते शेजारी."

त्याने लाल ठिपक्याचा वेगळा थर 'मल्टिप्लाय'वर ठेवला. खालच्या कपाळाच्या आठ्या त्यातून तशाच दिसत राहिल्या.