थंडीसाठी औषधांचा डबा: काय ठेवाल, काय काढून टाकाल?

थंडी वाढली की घरोघरी सर्दी, खोकला आणि कणकण सुरू होते. रात्री उशिरा ताप चढतो, जवळचे मेडिकल बंद झालेले असते आणि मग कपाटातला औषधांचा डबा उघडला जातो. त्यात कधीची तरी अर्धी स्ट्रिप, चिकट झालेली सिरपची बाटली आणि नाव फाटलेल्या दोन गोळ्या सापडतात. अशा वेळी औषध नसण्यापेक्षा हाताला लागेल ते घेण्यात जास्त धोका असतो. म्हणून डबा भरण्याआधी तो तपासा.

ब्रँड नको, घटक वाचा

तापाची आणि सर्दीची गोळी वेगवेगळ्या नावांनी मिळते. पण दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. हिशेब करून पाहा. ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी दिवसात ४ वेळा घेतली, तर २,६०० मिलिग्रॅम होतात. सोबत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी ३ वेळा घेतली, तर आणखी १,५०० मिलिग्रॅम. एकूण ४,१०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडल्यास यकृताला इजा होऊ शकते. यकृताचा आजार असलेल्यांनी, नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि वजन खूप कमी असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

डब्यात काय असावे?

• डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा चालू सेल
• पॅरासिटामॉलच्या साध्या गोळ्या, इतर घटक न मिसळलेल्या
• सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी. ती घेतल्यावर झोप येऊ शकते, त्यामुळे गाडी चालवू नका
• नाक चोंदल्यास सलाइनचे थेंब
• ओआरएसची पाकिटे
• भेगा आणि कोरड्या त्वचेसाठी पेट्रोलियम जेली
• कापूस, बँडेज, जंतुनाशक मलम
• घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याचा इन्हेलर; त्यात किती डोस उरले आहेत, हे आजच पाहा

थंडीत रक्तदाब वाढण्याची शक्यता असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असलेले फिनाइलेफ्रिनही रक्तदाब वाढवू शकते. त्यामुळे बीपीच्या रुग्णांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मुलांसाठी वेगळा नियम

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील २० हून अधिक मुलांचा विषारी कफ सिरपमुळे मृत्यू झाला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. तपासणीत कोल्ड्रिफ सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. हे रसायन मूत्रपिंड निकामी करते.

या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य विभागाने सूचना जारी केली. २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि ५ वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे.

तापाच्या सिरपचा डोस वजनावर ठरतो. काही बाटल्यांत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तर काहींत २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ड्रॉप्स तर याहून तीव्र असतात. म्हणून घरातला चमचा वापरू नका. बाटलीसोबत आलेल्या कपाने किंवा ड्रॉपरनेच मोजा.

कापूर असलेला बाम २ वर्षांखालील मुलांना लावू नका. कापराची पुरचुंडी बाळाच्या हाताला लागेल अशी बांधू नका, कारण कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. १ वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका.

काय काढून टाकाल?

उरलेली अँटिबायोटिक्स सर्वात आधी काढा. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर ती चालत नाहीत. पाकिटावर लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. गेल्या हिवाळ्यात उघडलेले सिरप आणि तारीख वाचता न येणाऱ्या गोळ्याही काढून टाका. स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. डबा बाथरूममध्ये किंवा गॅसजवळ ठेवू नका. तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी असावा.

डब्यावर विसंबू नका, जर...

• ३ महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल
• ताप ३ दिवसांनंतरही उतरत नसेल
• श्वास घेताना मुलाची छाती आत ओढली जात असेल
• श्वासाचा वेग मिनिटाला २ महिन्यांखालील बाळात ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक असेल. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा
• मोठ्यांना धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल

अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो क्रमांक, तुमच्या डॉक्टरांचा फोन, मुलांची वजने आणि घरात कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री घाईत हाच कागद कामाला येईल.