कोणता गिअर गेला, कोणता राहिला

अमेरिकेत १९५३ साली फोर्डच्या एफ-१०० पिकअपला आणि पुढच्याच वर्षी शेव्हरोलेच्या पिकअपला जादा पैसे मोजून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. तोवर शेतावरच्या, कामावरच्या ट्रकचा बिघाड चालकाच्या हातापायांना आधी कळायचा. क्लचचं पेडल गेलं तशी ती जाणीवही गेली आणि गिअरबॉक्सचं दुखणं ओळखायला मेकॅनिकांना नव्याने शिकावं लागलं.

साठ-सत्तरच्या दशकांत सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालायचा. गाडीचा वेग सांगायला गव्हर्नर होता. इंजिनावर ताण किती, हे फोर्डच्या सी-६ मध्ये आणि जनरल मोटर्सच्या टर्बो ४०० मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटरमुळे कळायचं. या मॉड्युलेटरचा पडदा फाटला की गिअर उशिरा आणि दणक्यात पडतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि खाली एक थेंब गळत नसताना तेल कमी होत राहतं, कारण इंजिन ते व्हॅक्यूमच्या नळीतून ओढून जाळत असतं. नळी काढून पाहिली आणि ती आतून लाल तेलाने ओली निघाली की निदान झालं. भाग लहान, तोही बाहेरून बदलता येणारा. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवणं हा मालकावर अन्याय आहे.

त्या काळाची खरी देणगी मात्र कोणत्या गिअरमध्ये आतला कोणता क्लच आणि कोणता बँड धरतो, याचा तक्ता. डॉज पिकअपमधला टॉर्कफ्लाइट ७२७ घ्या. तिसऱ्यात पुढचा आणि मागचा असे दोन्ही क्लच धरतात, रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि लो-रिव्हर्स बँड. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील, तर पुढच्या क्लचवर संशय. रिव्हर्स ठणठणीत, पण पुढे जाणारे सगळे गिअर घसरतात? मग मागचा क्लच. डीमध्ये पहिला घसरतो, पण दांडी १ वर ओढली की धरतो, तर एकाच दिशेने फिरू देणारा ओव्हररनिंग क्लच गेला. एवढं सगळं रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून कळतं. नंतर प्रेशर गेज लावायचा तो खात्रीसाठी.

जनरल मोटर्सच्या १९८२ च्या ७००आर४ मध्ये चौथा गिअर होता आणि सोबत थ्रॉटलची केबल. ती फक्त गिअर कधी पडावा एवढंच ठरवत नाही, आतला दाबही ठरवते. केबल सैल असली की गिअर लवकर आणि अलगद पडतात, चालक खूश असतो, आणि आत कमी दाबाने क्लच प्लेटा घसरून जळत असतात. जुन्या ट्रकला दुसरा कार्ब्युरेटर बसवला असेल, तर आधी ही केबल तपासावी.

पुढे संगणक आला: १९९३ पासून ४एल६०-ई गिअरबॉक्स, १९९६ पासून बिघाडाचे कोड देणारी ओबीडी-२ व्यवस्था. त्याचा फायदा मोठा आहे. वीजपुरवठा तुटला की ४एल६०-ई चे दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडतात आणि ट्रक डीमध्ये थेट तिसऱ्यातच निघतो. मालकाला वाटतं गिअरबॉक्स संपला, आणि कोड वाचला की दोष फ्यूजमध्ये किंवा कनेक्टरमध्ये सापडतो. पण कोड वाचून थेट सुटा भाग बदलण्याची सवयही याच काळात लागली. पी१८७० हा कोड म्हणजे आत काहीतरी घसरतंय, इतकंच. त्यामागे बहुधा व्हॉल्व्ह बॉडीतलं झिजलेलं भोक असतं, नवा सोलेनॉइड घालून ते बुजत नाही.

याच गिअरबॉक्सची सन शेल फुटण्याची खोड प्रसिद्ध आहे. पहिला, तिसरा नीट. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गायब. तक्ता काढला की दिसतं, या तिन्ही गिअरना लागणारी जोडणी त्या एका पत्र्याच्या शेलमधूनच जाते. इथे मात्र गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो.