पाच स्टार एसीचे, घराचे किती?

एसी घेताना आपण त्याच्यावरचे स्टार मोजतो. फ्रिज घेताना मोजतो, हल्ली पंखा घेतानाही मोजतो. पण एसी ज्या खोलीत लावायचा, ती खोली दिवसभरात किती उष्णता आत घेते, हा प्रश्न फ्लॅट बुक करताना सहसा कोणी विचारत नाही. एसीचे स्टार एवढंच सांगतात, की ठरावीक विजेत तो किती उष्णता बाहेर फेकतो. मुळात किती उष्णता फेकायची आहे, हे घर ठरवतं. आणि त्यातला बराचसा भाग इमारतीच्या नकाशावरच ठरून गेलेला असतो.

उपकरणांना स्टार देणारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, घरांनाही एक ते पाच स्टार देते. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती वीज लागेल, यावर ते ठरतात. त्यासाठी वापराच्या ठरावीक सवयी गृहीत धरल्या जातात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सारख्या फ्लॅटची विजेची बिलं वेगळी आली, तरी घराचा दर्जा एकच राहतो. घराच्या बाह्य कवचासाठी, म्हणजे भिंती, छप्पर आणि खिडक्यांसाठी, याच ब्युरोची इको-निवास संहिता आहे. ती 2018 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी ती लिहिलेली आहे.

सगळ्यात आधी छप्पर

मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडत नाही, गच्ची मात्र दिवसभर भाजून निघते. पदार्थांच्या थरातून उष्णता किती सहज जाते, हे यू-व्हॅल्यूवरून कळतं: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. संहितेनुसार छपराची यू-व्हॅल्यू 1.2 पेक्षा जास्त नको. 150 मिलिमीटरच्या नुसत्या आरसीसी स्लॅबची ती साधारण 3.3 भरते. त्यावर आपल्याकडचा नेहमीचा ब्रिकबॅट कोबा घातला, तरी ती सव्वादोनच्या आसपास उतरते. कोबा पाणी अडवायला उत्तम, उष्णता अडवायला अपुरा.

बारा चौरस मीटरची बेडरूम घेऊ. उन्हाचा परिणाम धरून आत-बाहेर वीस अंशांचा फरक असेल, तर नुसत्या स्लॅबमधून जवळपास 800 वॅट उष्णता खाली येते. एक टनाचा एसी सुमारे 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची जवळजवळ पाव ताकद छपरापायीच खर्च होते. स्लॅबवर 25 मिलिमीटर एक्सपीएस फोमचा थर असेल, तर हेच 800 वॅट सव्वादोनशेच्या आत येतात. शिवाय काँक्रीट दिवसभराची उष्णता धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. म्हणून वरच्या मजल्यावरची बेडरूम ऊन उतरल्यावरही तापलेली राहते, नेमकी एसी लावायच्या वेळी.

गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणं किंवा पांढरा चायना मोझॅक बसवणं, हा त्यातला स्वस्त मार्ग. ऊन आत शिरण्याआधीच परत पाठवायचं, हे त्यामागचं तत्त्व. तेलंगणाने 2023 मध्ये अशा शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

भिंत आणि काच

भिंती आणि खिडक्यांसाठी संहितेत आरईटीव्ही नावाचा एकत्रित आकडा आहे. तो दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवा. त्यात तीन गोष्टींची बेरीज होते: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट आत येणारं ऊन.

मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानातल्या इमारतीचा ढोबळ हिशेब करू. बाहेरच्या भिंतींपैकी पंधरा टक्के भाग साध्या काचेचा आहे आणि सगळ्या दिशांची सरासरी धरली आहे. नऊ इंची विटांची भिंत असेल, तर भिंतीचे साडेनऊ, काचेतून झिरपण्याचा एक आणि उन्हाचे पावणेआठ: बेरीज अठराच्या वर, म्हणजे नापास. त्याच जागी आठ इंची एएसी ब्लॉक वापरले, तर भिंतीचा वाटा साडेतीनच्या खाली येतो आणि बेरीज बाराच्या आसपास. हल्लीच्या टॉवरमध्ये मायवान शटरिंग लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होतं, पण त्या भिंतीचा वाटा एकटाच सोळाच्या घरात जातो आणि एकूण आकडा पंचविशी गाठतो.

आता विटांच्याच घरात दोन उपाय करून पाहू. दुहेरी काच बसवली, तर बेरीज सतरापर्यंत उतरते. साधी काच ठेवून बाहेरून सावली केली आणि काचेवरचं ऊन निम्मं केलं, तर ती पंधराच्या आत येते. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना घर भाड्याने घेताना ऊर्जा-कार्यक्षमतेचं ए ते जी अक्षरांचं प्रमाणपत्र पाहायची सवय असते. इंग्लंड-वेल्समध्ये 2018 पासून नव्या भाडेकरारासाठी किमान ई दर्जा लागतो. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणून दुहेरी काच पहिल्या उपायांत येते. आपल्याकडे मोठा शत्रू ऊन आहे, म्हणून आधी छज्जा.

सावली बाहेरूनच हवी. ऊन काचेतून सहज आत येतं, पण त्याने तापलेल्या पडद्याची आणि फर्निचरची उष्णता काचेतून तशी बाहेर पडू शकत नाही. जाड पडद्याने खोलीत अंधार होतो, उष्णता बरीचशी आतच राहते. दक्षिणेला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं आणि खालून येतं, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बाहेरून सोडलेली बांबूची चिक लागते.

उघडणारी खिडकी

काच कमी केली की प्रश्न सुटला, असंही नाही. वर्षातले बरेच महिने एसीशिवाय निघावेत, म्हणून संहिता वारा येण्याची जागाही मोजते. उष्ण-दमट भागात कार्पेट एरियाच्या किमान एक षष्ठांश जागा बाहेरच्या बाजूला उघडणारी हवी. नागपूरसारख्या संमिश्र हवामानात एक अष्टमांश. मुंबईत 600 चौरस फुटांच्या घराला 100 चौरस फूट झाले. यात उघड्या बाल्कनीचं दारही धरतात. पण दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही, त्यामुळे हिशेबात ती अर्धीच. पाखांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते: तेवढाच वारा, निम्मी काच.

गच्चीचा रंग आणि बाहेरची चिक घर घेतल्यावरही करता येते, सोसायटीने मनावर घेतलं तर छपरावर फोमचा थरही देता येतो. भिंत कशाची आणि बेडरूमचं तोंड कुठे, हे मात्र नंतर बदलत नाही. सॅम्पल फ्लॅट दाखवताना एसी चालूच असतो, त्यामुळे तिथे यातलं काही जाणवत नाही. म्हणून भाव करण्याआधी बिल्डरला विचारावं: भिंत कशाची, आरईटीव्ही किती आणि छपराची यू-व्हॅल्यू किती? हे आकडे त्याच्या आर्किटेक्टला काढता येतात. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढची अनेक वर्षं एसीचं बिल कोण भरणार आहे, हे लक्षात ठेवूनच सही करावी.