ज्येष्ठ बदी, संवत् १९१५ : एका जन्माची तारीख लावताना

शिंदे की छावनीतल्या आमच्या जुन्या घरात खापरपणजोबांची पत्रिका सापडली. ‘संवत् १९१५, ज्येष्ठ बदी’ एवढंच वाचता येतं. तिथीपाशी कागद कसरीनं खाल्लाय. साल म्हणजे इसवी १८५८. घोटाळा महिन्याचा आहे.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो उठलाच नाही, त्याचंच लष्कर शहर झालं. आमचं घराणं त्या फौजेतलं. घरात सांगतात ते असं : १ जून १८५८ ला मुरारजवळ जयाजीराव महाराजांची बहुतेक फौज तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या राणीला मिळाली. महाराज आग्र्याला गेले, आणि बाळाचे वडीलही इमानानं सोबत गेले. १९ जूनला ह्यू रोझनं लष्कर घेतलं, २० ला किल्ला पडला, तेव्हा महाराजांबरोबर तेही परतले.

पण आजी आणखी दोन गोष्टी ठासून सांगायची. बारशाला वडील पाळण्यापाशी होते. आणि राणीसाहेब पडल्याची बातमी आली तेव्हा बारसं उरकलेलं होतं.

आता पंचांग बघा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे त्याच महिन्याचा. वद्य पक्षाचं नाव मात्र बदलतं. आपला वैशाख वद्य तो उत्तरेत ज्येष्ठ बदी. राणीसाहेब ज्येष्ठ शुद्धात गेल्या. आपल्या हिशेबानं ज्येष्ठ वद्य त्यानंतर येतो, म्हणजे जन्म जूनअखेरीस किंवा जुलैत, सगळं शांत झाल्यावर. उत्तरेच्या हिशेबानं तो आधी येतो, मेअखेर ते साधारण ११ जून.

पत्रिकेत शक नाही, संवत् आहे. ‘वद्य’ नाही, ‘बदी’ आहे. लिहिणारा जोशी इथलाच असणार. पन्नास वर्षं इथं राहिल्यावर पत्रिकेसाठी पुण्याला कोण जातंय! तेव्हा आजीचं म्हणणं खरं धरलं, तर लष्कर बंडवाल्यांच्या ताब्यात असताना वडील आग्र्यात नव्हते, घरी होते. ते लढले की दार लावून बसले, हे पत्रिका सांगत नाही.

काकांना हे अजिबात पटलेलं नाही. कुलवृत्तांतातलं ‘महाराजांसमवेत आग्र्यास गेले’ हे वाक्य मी खोडलं नाही, पेन्सिलीनं कंसात टाकलंय. आपल्याकडे अशी पत्रिका असेल तर आधी बदी की वद्य, तेवढं पाहा.